ओल्या उतारावरची गोधडी

वाळूची दुसरी गोणी अजून शिवलेलीच होती. शुक्रवारी संध्याकाळी लेकीच्या खोलीवर डबा द्यायला गेलेल्या आईला ती गोणी दाराआड उभी दिसली आणि डोक्यात जाऊन बसली ती हलेचना. एक गोणी रिकामी करून नीट घडी घालून ठेवलेली, दुसरीची शिवणसुद्धा उसवलेली नाही. विचारावं, तर लेक पायातल्या बुटांसकट आडवी झाली होती. आईने तिचे बूट काढले, डबा टेबलावर ठेवला, दार लोटलं आणि घरी येऊन कूस बदलत राहिली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. तिने दोन गोण्या मागवल्या होत्या."

"मग?"

"एकच वापरली."

"वा! लोकांच्या मुलींकडे कपडे उरतात, आपल्या पोरीकडे वाळू उरली. झोप आता. तुझ्या काळजीला शनिवार-रविवारसुद्धा सुट्टी नसते."

वाळूचं महत्त्व बाबांना ठाऊक नव्हतं असं नाही. अकरा वर्षांपूर्वी, कामावर लागली त्याच आठवड्यात, लेकीने ते जेवता जेवता ताटात मीठ भुरभुरून समजावलं होतं. रस्त्यावरचा रंग ओला असतानाच त्यावर बारीक, कडक वाळू टाकायची, म्हणजे वाळल्यावर तो पायाला आणि टायरला धरतो. नाही टाकली तर कोरड्यात काही कळत नाही, पण पाणी पडलं की रंग म्हणजे निव्वळ साबणाची वडी.

या लेकीला सगळे सुतळी म्हणत. अंगाने ती लहानपणापासूनच काटकुळी, आणि रस्त्यांवर पट्टे मारायच्या कामाला लागल्यापासून कमरेला कायम दोरीचं गुंडाळं. दोरीला निळी पूड लावायची, दोन टोकांना ताणायची, मधोमध चिमटीत उचलून सोडून द्यायची. फट्! जमिनीवर सरळसोट रेघ. टोळीतल्या पुरुषांची रेघ कुठेतरी पोट काढायची. सुतळीची कधी नाही.

शाळेत मात्र ती चित्रकलेत नापास झाली होती. फुलदाणी काढायला सांगितली, तर हिने टेबलाची कडा काढत तास घालवला. बाईंनी कागदावर लिहिलं, "टेबल उत्तम. फुलदाणी कुठे आहे?" आई स्वतः विज्ञानाची पदवीधर, कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं सहायक. लेकीने खुर्चीत बसून करायचं काहीतरी करावं, एवढीच तिची मागणी होती. लेकीने बाविसाव्या वर्षी हमरस्ता निवडला.

"लोक काय म्हणतील ते सोड," आई तेव्हा म्हणाली होती, "गाड्या काय म्हणतील?"

"गाड्यांना मीच सांगते कुठून जायचं, आई. तेच तर काम आहे."

ते खरंच होतं. पण त्या कामाचं दुःख असं, की रेघेकडे कुणी बघत नाही; लोक रेघेच्या बाजूने जातात. अकरा वर्षांत सुतळीने शेकडो किलोमीटर लांबीचं काम केलं आणि त्यातल्या एका फुटालाही कुणी छान म्हणालं नाही.

आणि आईच्या काळजीचं दुःख असं, की तीही रोजचीच झाली होती. लेक रस्त्यावर असे तोवर आईचा जीव टांगणीला. हेल्मेट घातलंस का, चमकणारं जाकीट धुतलंस का, कुणाच्या मागे उभी राहतेस. पाच वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात कुठल्याशा दूरच्या शहरातली बातमी आली, पट्टे मारणाऱ्या माणसाला ट्रकने उडवल्याची. आईने ती तीनदा वाचली, चहा गार होऊ दिला आणि लेकीला न सांगता थेट तिच्या मुकादमाला फोन लावला. "तिला हमरस्त्यावर पाठवू नका हो, एवढं ऐका." मुकादमाने ऐकलं. दुसऱ्याच दिवशी टोळीसमोर म्हणाला, "तुझ्या आईचा फोन होता. तू आता गोदामात." सुतळी चार महिने रंगाचे डबे मोजत बसली. नंतर परत कामावर घेतली, तेव्हा टोळी रोज विचारायची, "पट्टा पांढरा मारू का पिवळा? की आईला फोन करून विचारतेस?" ती सात महिने घरी आली नाही. आली तेव्हा आईने स्वतःहून शब्द दिला: तुझ्या कामात पुन्हा माझा फोन नाही.

शब्द आईने पाळला होता. फार जड गेला, पण पाळला.

दोन वर्षांपूर्वी सुतळीला गावाबाहेरच्या पायवाटेचं काम मिळालं. जुना रेल्वेमार्ग उखडून केलेली चार किलोमीटरची वाट. एका अंगाने चालणारे, दुसऱ्या अंगाने सायकलवाले, मध्ये सुतळीची पांढरी रेघ. गाड्या नाहीत म्हणून आईने सुटकेचा श्वास टाकला. ती स्वतःही रोज सकाळी तिथे फिरायला जाऊ लागली. तिथेच एका वळणावर, रेघ ओली असताना, कुणा आजोबांचा रुमाल वाऱ्याने उडून तिच्यावर चिकटला. सुतळीने तो सोडवला तर रंगात कापडाचं विणकाम उमटलेलं, चौकटी-चौकटी, कोपऱ्याच्या दुमडीसकट. नियमाने ते पुसून रेघ पुन्हा मारायची. तिने पुसलं नाही. बारीक ब्रश आणून त्या ठशाभोवती रुमालाची कडा काढली, निळा काठ भरला आणि आजोबांना म्हणाली, "घ्या, आता हा उडणार नाही."

महिनाभर लोक त्या रुमालापाशी थांबत होते. लहान मुलं उचलायला बघायची. शेवटी पायवाटेच्या समितीचे अध्यक्ष तिला शोधत आले. हे गृहस्थ दातांचे डॉक्टर. समितीने वाटेवर कलाकृती मांडायच्या ठरवल्यावर त्यांनी एका नामांकित शिल्पकाराकडून मोठा लोखंडी पक्षी करून घेतला होता.

"त्या पक्ष्यावर लोक जॅकेटं अडकवतात," डॉक्टर सुतळीला म्हणाले, "आणि तुमच्या रुमालाला मात्र वळसा घालून जातात. आम्ही काय समजायचं ते समजलो. पुलाखालचा उतार तुमचा. काय काढाल?"

"गोधडी," सुतळी म्हणाली. तिने विचार केला होता की नाही, तिचं तिलाच माहीत.

वाटेच्या दोन्ही अंगांच्या वस्त्यांतून तिने जुने कपडे मागवले. पेटवायला नाही, पुसायला नाही, फक्त बघायला. बेकरीवाल्याने पिठाचा ॲप्रन दिला, एका नर्सने दवाखान्याची पट्ट्यांची चादर, एका बाईने नवऱ्याचा चौकडीचा शर्ट, "हा एवढाच ठेवला होता" म्हणत. बाबांनी आपला पायजमा दिला आणि वर अट घातली की नाडी काढायची नाही. एकशे चाळीस तुकडे. साठ मीटर उतारावर सुतळीने ते एकमेकांना जोडून काढले, टाक्यांसकट; आणि कापड असं काढलं की मलमल मलमलीसारखी दिसावी आणि खादी खादीसारखी. दिवसा पट्ट्यांचं काम, उरलेल्या वेळात गुडघ्यांवर गोधडी. पाच महिने.

रविवारी सकाळी आठ वाजता तिचं उद्घाटन होतं.

शनिवारी सकाळी आई नेहमीपेक्षा लवकर निघाली. उतारावर अजून दव होतं. डॉक्टरांनी दोरी बांधून गोधडी अडवली होती, पण आई दोरीखालून वाकून आत गेली. लेकीचं काम, तिला कोण अडवणार? आणि तिथे, तिसऱ्या ओळीत, तिला एक पांढरा तुकडा दिसला. त्यावर तीन लहान तपकिरी भोकं. तिचा प्रयोगशाळेतला कोट. तिने तर काहीच दिलं नव्हतं. असल्या जमिनीवरच्या गोधडीत आपलं काय, असं म्हणाली होती. लेकीने कधी कपाटातून काढून नेला, कधी परत ठेवला, कळलंसुद्धा नाही. आम्लाने जळलेल्या प्रत्येक भोकाची करपलेली कडा तिने वेगळी रंगवली होती.

नीट बघावं म्हणून आईने पाऊल पुढे टाकलं आणि पाऊल तिचं राहिलंच नाही. चप्पल सटकन पुढे गेली. हात आपोआप कठड्याला लागला म्हणून ती बसली नाही, नुसती वाकली. कुणी पाहिलं नाही. तिला त्या शिवलेल्या गोणीचा अर्थ लागला.

दुपारी सुतळी जेवायला आली ती हसतच. आल्या आल्या बाबांच्या पाठीत गुद्दा घातला, दुसऱ्यांदा भात घेतला. लेकीला इतकं मोकळं आईने किती वर्षांत पाहिलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची आपली सवय आईला माहीत होती, तरी ती तशीच सुरू झाली.

"ती गोणी परत करायची असेल ना?"

"कुठली?"

"तुझ्या दाराआडची. वाळूची."

सुतळीचा घास हातातच राहिला. "आई, पहिल्या थरात घातलीय वाळू. सगळ्या साठ मीटरला."

"हो, पण त्याच्यावर तू आणखी..."

"दोन थर. बारीक कामाचे. त्यांच्यावर पुन्हा वाळू टाकली असती तर मलमलीचं गोणपाट झालं असतं. एका तुकड्यावर टाकून बघितली. मेल्यासारखा दिसत होता."

"पण मग ती खालची वाळू..."

"आई."

आईला दिसत होतं की चूक कुठे झाली, आणि हेही दिसत होतं की ती सुतळीच करू शकते. पट्टा एकाच थराचा असतो. एकदा रंग, एकदा वाळू, पुढे चला. अकरा वर्षांत सुतळीने एका रंगावर दुसरा रंग कधी चढवला नव्हता. तिच्या हाताच्या हिशोबी वाळू घातली म्हणजे घातली. खालच्या थरातली वाळू वरच्या दोन थरांत बुडून गेली, हे कुणा शिकाऊ माणसाच्या आधी लक्षात आलं असतं. तिच्या आलं नाही.

"आज सकाळी दवावर माझा पाय..." आई म्हणाली.

"त्या चपलेत तुझा पाय स्वयंपाकघरातसुद्धा सरकतो," बाबा म्हणाले. त्यांना भांडण नको होतं.

सुतळीने पाण्याचा पेला खाली ठेवला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "बोल, या खेपेला कुणाला फोन करणार आहेस?"

"कुणालाही नाही," आई म्हणाली.

लेक गेल्यावर आईने घासलेली भांडी पुन्हा घासली. खिडकी उघडली, बंद केली. वर्तमानपत्र उलटं धरून बसली. बाबांनी शेवटी ते तिच्या हातातून काढून सुलटं दिलं. "अगं, तू आजवर किती वेळा काळजी केलीस आणि किती वेळा काही झालं, याचा कधी हिशोब मांडलास का?"

"मांडला," ती म्हणाली. "एकदाही नाही झालं."

"मग?"

"म्हणूनच कुणी ऐकत नाही ना."

ती उठली आणि माळ्यावरची पेटी काढली. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी तिला प्रयोगशाळेतला जुना ताणकाटा भेट दिला होता, खाली हूक असलेला, वस्तू अडकवून ओढली की किती जोर लागला ते किलोत दाखवणारा. अंगणातली एक वीट घेतली. बाबांच्या जुन्या सायकलच्या टायरचा तुकडा कापून विटेच्या बुडाला तारेने आवळून बांधला. बाबा बघत राहिले.

"येऊ का?"

"नको. तुम्ही हसाल."

चार वाजता ती उतारावर होती. आधी गोधडीच्या बाहेर, साध्या डांबरावर. उताराचा चढ-उतार मोजणीत येऊ नये म्हणून वीट उताराला आडवी ओढायची, हळू, एका गतीने. अठ्ठावीस वर्षं ती मुलांना हेच सांगत आली होती. कोरड्या डांबरावर काटा सव्वादोनवर. बाटलीतलं पाणी ओतून पुन्हा: पावणेदोन. मग गोधडीवर, कोरडी: दोन. तिला हायसं वाटलं. लेकीचं बरोबर असू शकतं. मग तिने चौकडीच्या शर्टावर पाणी ओतलं, वीट ठेवली आणि ओढली. काटा अर्ध्याच्या जरा पुढे गेला आणि वीट निघालीच, जशी काही वाटच बघत होती. पुन्हा. पुन्हा. नर्सच्या चादरीवर, ॲप्रनवर. प्रत्येक जागी तीन वेळा. अर्धा, अर्धा, अर्ध्याला थोडा कमी.

"ताई, विटेला फिरायला आणलंत?"

डॉक्टर उभे होते, हातात फितीचं भेंडोळं. आईने काटा पाठीमागे घेतला. "असंच. जुनी सवय."

"बघा, बघून घ्या. लेक तुमची, मान आमचा. उद्या साठ मुलं सायकलींवर. वरून एकदम सोडायची, सुसाट खाली! फोटोवाला पुलाखाली बसवलाय." ते वाकून रंगावरून बोट फिरवू लागले. "तेवढी धूळ बसलीय. सकाळी सातला टँकर सांगितलाय, सगळं स्वच्छ धुवून काढू."

"धुवायचं?" आई म्हणाली. "कशाला उगाच?"

"ताई, दात घासल्याशिवाय कुणी फोटोला हसतं का?" आपल्याच विनोदावर ते मनापासून हसले आणि फीत घेऊन वर निघाले.

एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. भला माणूस; टँकर थांबवला असता, मुलांना चालत आणलं असतं, आणि समितीत हळूच कुणाला तरी म्हणाला असता, तिच्या आईनेच सांगितलं हो, काम कच्चं आहे. सोमवारपर्यंत ते टोळीत पोचलं असतं. आईचा फोन. आई डॉक्टरांची पाठ चढावर लहान होताना बघत राहिली.

ती पुलाखालच्या बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. बाकाशेजारच्या फलकावर डॉक्टरांचा नंबर ठळक लिहिलेला होता: काही अडचण असल्यास संपर्क साधा. हातातल्या फोनमध्ये लेकीचा नंबर. त्या वेळीही मला अशीच खात्री होती, तिने स्वतःला बजावलं. तेव्हा हातात नुसती एक बातमी होती. आता आकडे आहेत. पण आकडे लावले म्हणून काळजी शहाणी होते का? की नुसती शहाण्यासारखी दिसते? काटा जुना असेल. टायर झिजलेला. तिने उठून बाटलीतलं उरलेलं पाणी पुन्हा एका तुकड्यावर ओतलं, या वेळी स्वतःच्या कोटावर, आणि वीट ओढली. अर्धा.

समोरून एक बाप आपल्या मुलीला सायकल शिकवत चालला होता. सीटला मागून धरून धावत होता, धापा टाकत, "पुढे बघ! पायाकडे नको!" मुलीने दोरीपलीकडची गोधडी पाहिली आणि विचारलं, "आपण यावरून कधी जायचं?"

"उद्या," बाप म्हणाला.

आईने घड्याळ पाहिलं. पावणेपाच. वरून पारदर्शक रंगाचा हात द्यायचा आणि तो ओला असतानाच वाळू टाकायची. साठ मीटरला तीन-चार तास जाणार, आणि तो थर वाळायला आठ तास लागतात, हे सुतळीच कधीतरी म्हणाली होती. म्हणजे आत्ता सुरू केलं तर जमेल. आणखी तीन तास बाकावर उठबस केली तर नाही. मलमल थोडी मरेल. चौकडी धुरकट होईल. पाच महिन्यांच्या कामावर लेकीला स्वतःच्या हाताने धूळ टाकल्यासारखं वाटेल, आणि तेही आईच्या सांगण्यावरून. ऐकून ती फोन ठेवून देऊ शकते. हसू शकते. सात महिने काय, सात वर्षं येणार नाही, हेही शक्य आहे.

आईच्या लक्षात आलं की आपण मघापासून चुकीच्या प्रश्नाभोवती फिरतोय. सांगायचं की नाही, हे त्या सायकलवरच्या मुलीने कधीच ठरवून टाकलं होतं. कुणाला आधी, एवढंच उरलं होतं. डॉक्टरांना सांगितलं तर मुलं वाचतील. सुतळीला सांगितलं तर मुलं वाचतील आणि गोधडी सुतळीचीच राहील. पण तिने ऐकलं पाहिजे. नाही ऐकलं तर सहा वाजता डॉक्टरांना फोन करायचाच. आणि तो करणार आहे, हे तिला आत्ता, आधी, तोंडावर सांगायचं. तिच्यामागून काही नाही.

तिने लेकीचा नंबर काढला. सवयीने तोंडात आलं होतं, "चहा झाला का?" ते तिने गिळलं. लेक चटकन फोन ठेवायची. पहिल्या वाक्यातच सगळं यायला हवं. वीट, पाणी, पावणेदोन, अर्धा, टँकर, सात वाजता. तिने ते दोनदा ओठांत म्हणून पाहिलं, बाकावरून उठून ओल्या तुकड्यापाशी जाऊन उभी राहिली, आणि बटण दाबलं.